मावशीच्या जागची सुपारी

तयार कपडे परदेशी रवाना होण्याआधी तपासायचे, हे नव्वदच्या दशकात माझं काम होतं. मुंबईतल्या एका एजन्सीने मला नाशिकला नेमलं होतं आणि मी ते काम नाटकातल्या राजासारखं करायचो. सिन्नरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात लहान मुलींचे फ्रॉक शिवत. मी बंद खोक्यांच्या थप्पीभोवती सावकाश फेरी मारायचो, मध्येच थबकून एका खोक्यावर बोट ठेवायचो. "हे." मग फ्रॉक ट्यूबलाइटपुढे धरायचा, एक डोळा बारीक करायचा, उसासा सोडायचा. उसाशाची काही गरज नसे. पण मॅनेजरचा उतरलेला चेहरा बघायला मला फार आवडायचं.

त्याच कारखान्यात माझी सख्खी मावशी कामाला लागली, लोंबते धागे कापायच्या टेबलावर. तपासनिसाचं कुणी नात्यातलं कारखान्यात चालत नसे. मावशीनेच तोड काढली. "तिथं तू मला वळखायचं नाय, मी तुला वळखायची नाय." आणि ते सोंग तिने असं वठवलं, की माझं फिकं पडावं. मी आत शिरलो की पदर सावरून उभी राहायची. "साहेब आले गं, नीट बसा." मी पुढे सरकलो की शेजारणीला पुटपुटायची, "फ्रॉक बघतोय का पोरगी बघतोय?" बाया तोंडाला पदर लावायच्या.

एका शनिवारी फ्रॉकची बटणं ओढली की हातात यायला लागली. लहान मूल बटण तोंडात घालतं, त्यामुळे इथे सूट नसते. मी सगळा माल नापास केला. ते बरोबरच होतं, आजही करीन. कंटेनर सोमवारी निघणार होता. मॅनेजरने तिथेच जाहीर केलं, रविवारी सगळ्यांनी यायचं, सगळी खोकी उघडायची, आणि जी येणार नाही तिने पुन्हा येऊच नये.

मावशी उठली. रविवारी पिंपळगाव बसवंतला तिच्या मुलीचा साखरपुडा होता. मला माहीत होतं. पेढे आणायचे माझ्याकडेच होते.

"साहेब, उद्या माझ्या घरी कार्य हाय," ती म्हणाली. "तुम्ही शब्द टाकला तर सोडतील."

नोकरी जाईल ही भीती होती, खोटं नाही. पण त्याहून खरं हे, की त्या टेबलावरची बाई माझी मावशी आहे, असा नुसता संशयही मॅनेजरला यायला मला नको होता. मी घड्याळ बघितलं आणि माझ्या सर्वांत भारदस्त आवाजात म्हणालो, "हे मॅनेजरसाहेबांशी बोला, बाई."

"बरं, साहेब," म्हणून ती खाली बसली. या वेळी कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजेला गुरुजी म्हणाले, "मुलीच्या आईला बोलवा." मावशीचे यजमान, आमचे काका, म्हणाले, "कंपनीत काम निघालं. येतीच आहे." मुहूर्त थांबेना. बायको हजर नसली की करतात तसं गुरुजींनी काकांशेजारच्या रिकाम्या पाटावर एक सुपारी मांडली आणि मंत्र सुरू केले. नवरी मुलगी मान खाली घालून त्या सुपारीकडे बघत होती.

पंगतीत मुलाचे मामा माझ्या शेजारी बसले. "रविवारी बायकांना कामाला जुंपणारा हा हलकट कोण हो?"

"माल तपासायला कोणी साहेब येतो म्हणे," काका म्हणाले. त्यांना कितपत माहीत होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"उलटा टांगला पाहिजे असल्याला," मामा म्हणाले आणि त्यांनी आग्रहाने माझ्या पानात जिलेबी वाढायला लावली. मी मान डोलावली. हो, चक्क डोलावली, आणि जिलेबी खाल्ली.

मावशी आली तेव्हा उष्टी पानं उचलत होते. जीपमधून उतरून थेट, कामावरच्याच साडीत, खांद्यावर रंगीत धाग्यांचे तुकडे. तिने लेकीचा हात हातात घेऊन अंगठी बराच वेळ बघितली.

"काय विहीणबाई, त्या साहेबाचा पत्ता द्या मला," मामा म्हणाले.

"बटणंच ढिली व्हती हो," मावशी म्हणाली. "तो तरी काय करंल?"

काहीतरी करायचं म्हणून मी पुढे झालो आणि तिच्या खांद्यावरचे धागे वेचायला लागलो. तिने माझा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि मामांकडे वळून विचारलं, "जेवण बरं झालं ना? काही कमी नाय ना पडलं?"