फख्रियाबाई आणि रुसुलची वही

फख्रियाबाई आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी इतिहास. शिक्षिकांच्या खोलीत आमची टेबलं सतरा वर्षं एकमेकांना चिकटून होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगते आहे ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

चबाईशच्या पाणथळीच्या काठावरची ही मुलींची शाळा. फाटकाच्या आत एक मोठा काळा फळा आहे. दर रविवारी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर शाळेचा आठवडा सुरू व्हायच्या आधी, बाई त्यावर खडूने लिहायच्या. उजवीकडे ‘मिळवलं’ आणि डावीकडे ‘येणार’. मुख्याध्यापिकाबाई हेच सगळं मोबाइलवर शाळेच्या पानावरही टाकायच्या, पण फख्रियाबाईंना ते पुरेसं वाटत नसे. “आया काही ते पान बघत नाहीत,” त्या म्हणायच्या. “मुलीला सोडायला येतात, फाटक बघतात.” निम्म्या आयांना वाचता येत नव्हतं. त्या मुलीला विचारायच्या, काय लिहिलंय ग? आणि मुलगी वाचून दाखवायची. बाईंना तेच हवं असायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये फळा इतका भरला की बाईंना अक्षर बारीक करावं लागलं. आमच्या व्हॉलीबॉलच्या मुली जिल्ह्यात दुसऱ्या आल्या होत्या. एका मुलीने पाठांतरात ढाल आणली होती. आणि सगळ्यांत वर, नासिरियाच्या विज्ञान प्रदर्शनात पूर्ण प्रांतात पहिली: रुसुल हन्नून, शेवटचं वर्ष. डावीकडे होतं, येत्या गुरुवारी बक्षीस समारंभ, शिक्षण संचालक येणार. चौदा एप्रिल, बगदाद, देशभराचं प्रदर्शन. जूनमध्ये बोर्डाची परीक्षा.

रुसुल म्हशीवाल्यांची पोर. पाण्यातल्या बेटावर वेताच्या घरात राहायची आणि रोज सकाळी होडीने काठावर येऊन तिथून चालत शाळा गाठायची. पाण्यातलं मीठ मोजायचं बोटाएवढं एक यंत्र बाईंनी कुठूनसं मिळवून तिला दिलं होतं. सहा महिने ती म्हशींसाठी वेत कापायला जाताना पाच ठरलेल्या जागी पाणी मोजत होती. प्रत्येक जागी तीनदा, मग वहीत नोंद. वहीला कायम शेणाचा आणि धुराचा वास यायचा. नासिरियाला परीक्षकांनी ती वही हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही, असं बाईंनी मला चार वेळा तरी सांगितलं.

या पोरीत बाईंचा जीव का अडकला होता, हे मला ठाऊक होतं. बाईही अशाच घरात जन्मल्या होत्या. त्या सतरा वर्षांच्या असताना सरकारने बांध घालून पाणथळ आटवली. शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे होते. म्हशींच्या मागे चालत त्यांचं घर करबल्याकडे गेलं आणि एका वीटभट्टीच्या आडोशाला थांबलं. ती परीक्षा त्यांनी पाच वर्षांनी बाहेरून दिली, शेजारणीचा काळा अबाया अंगावर घेऊन. पुढे पाणी परत आलं तेव्हा त्या एकट्याच परत आल्या. भाऊ आले नाहीत. लग्नाचं विचारलं तर म्हणायच्या, “राहून गेलं,” जसं चुलीवरचं भांडं उतरवायचं राहून जातं तसं.

त्या रविवारी रुसुल शाळेत आली नाही. सोमवारीही आली नाही. दुपारी शाळा सुटल्यावर बाई माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. “वफा, येतेस का? मी एकटी गेले तर वाद घालायला गेल्यासारखं दिसेल.”

आम्ही होडी केली. निम्म्या वाटेतच ती चिखलात रुतली. होडीवाला म्हणाला, “इथून पुढे पायीच जा. गेल्या महिन्यात इथे माझी वल्ही टेकत नव्हती.” चपला हातात घेऊन आम्ही गेलो. वसंतात वरच्या डोंगरांतल्या बर्फाचं पाणी यायला हवं होतं, ते त्या वर्षी आलंच नव्हतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडांवर पांढरा थर होता.

रुसुलचा बाप हन्नून, ज्याला सगळे थोरल्या मुलाच्या नावाने अबू-सबाह म्हणतात, दारात बसून दोर वळत होता. शेजारी दोन म्हशी बसल्या होत्या, त्यांतल्या एकीच्या डोळ्यांवर साय आली होती. खारं पाणी पिऊन आंधळी झाली, असं त्याने सांगितलं. तीन आधीच गेल्या होत्या. रुसुलच्या आईने चहा आणला. तिची बोटं सांध्यांवर सुजून वाकडी झाली होती, पेला तिने तळव्यांत दाबून धरला होता. “टँकरच्या पाण्याचा आहे, घ्या,” ती म्हणाली. “पूर्वी साय-भाकरी खाल्ल्याशिवाय तुम्हाला उठू दिलं नसतं.”

रुसुल घराच्या कोपऱ्यात एका रेडकाला बाटलीने दूध पाजत होती. तिने आमच्याकडे पाहून मान खाली घातली.

“अबू-सबाह,” बाई म्हणाल्या, “पोरगी दोन दिवस आली नाही.”

“सामान बांधतोय बाई. परवा ट्रक येतायत. हिल्ल्याकडे नदीला पाणी आहे म्हणतात. मेहुणा तिकडेच आहे.”

“थोडे दिवस थांबा. चौदा एप्रिलला बगदाद आहे. आपल्या शाळेतून आजवर कुणी गेलेलं नाही. तेवढं होऊ द्या, मग जा.”

हन्नूनने दोर बाजूला ठेवला. त्याचा आवाज चढला नाही. “बाई, ते यंत्र तुम्हीच दिलंत ना तिला? रोज सकाळी येऊन ती मला आकडा सांगते. मला वाचता येत नाही, पण आकडा चढतोय की उतरतोय एवढं कळतं. रुसुल, काल किती होता?”

“अकरा हजार दोनशे,” कोपऱ्यातून आवाज आला.

“आणि जनावर कितीपर्यंत पितं?”

“सात हजारांपर्यंत. कसंबसं.”

“नासिरियाच्या मोठ्या लोकांनी वही बघितली,” हन्नून म्हणाला, “खरी आहे म्हणाले, पहिला नंबर दिला. मग मीच ती खोटी धरू का? तुम्ही सांगा बाई. आकडा चुकलाय म्हणा, मी थांबतो.”

बाईंनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता, पीत नव्हत्या.

हन्नून माझ्याकडे वळला. “तुम्ही इतिहासवाल्या ना? ही पाणथळ पाच हजार वर्षं जुनी आहे असं रुसुल तुमच्या पुस्तकातून वाचून दाखवते. मग त्या पाणथळीला म्हणावं, अजून एक महिना टिक.” तो हसला. मलाही हसावं लागलं.

बाईंनी शेवटी मनातलं काढलं. “पोरीला माझ्याकडे ठेवा. परीक्षा होईपर्यंत. माझ्या घरात मी एकटीच आहे.”

“तुमच्याकडे ठेवायला मी एका पायावर तयार आहे. तुम्ही आमच्यातल्याच आहात, तुमच्या बापाच्या म्हशी माझ्या बापाने बघितल्यात.” त्याने बायकोकडे हात केला. “पण हिचे हात बघा. म्हशी दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देत नाहीत. रुसुल गुणगुणत बसली तर दूध उतरतं, नाहीतर लाथ मारतात. तिलाच विचारा. मी अडवणार नाही.”

आता सगळे रुसुलकडे बघत होते. तिने बाटली रेडकाच्या तोंडातून काढली नाही.

“मला थांबायचंय, बाई,” ती म्हणाली. मग बाटली आणखी तिरपी करून, “पण मी थांबते असं म्हणवत नाही. मी थांबले तर दूध कोण काढणार? आणि दूध नसेल तर ही माणसं तिकडे खाणार काय?”

निघताना तिने यंत्र धुऊन, कापडात गुंडाळून बाईंना परत दिलं. ते शाळेचं होतं. वहीही दिली, प्रदर्शनासाठी.

परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, “भांडणारा माणूस असता तर मी भांडले असते ग. दोन दिवस त्याच्या दारात बसले असते. पण मोजायला तर मीच शिकवलं. पाच जागी मोज, तीनदा मोज, अंदाजाने लिहू नको. पोरीने एकदाही अंदाजाने लिहिलं नाही.”

बुधवारी ट्रक आले. शाळेत सहामाहीच्या वह्या तपासणं चाललं होतं. बाहेरच्या रस्त्यावरून म्हशींचं हंबरणं ऐकू आलं तेव्हा वर्गातल्या मुली खिडकीकडे धावल्या, बाई त्यांना रागावल्या नाहीत. त्या स्वतः मात्र जागेवरून उठल्या नाहीत.

गुरुवारी समारंभ झाला. संचालक वेळेवर आले, चांगलं बोलले. व्हॉलीबॉलच्या मुलींना टाळ्या, ढालीच्या मुलीला टाळ्या. रुसुलचं नाव पुकारलं तेव्हा प्रमाणपत्र घ्यायला फख्रियाबाई गेल्या. संचालकांनी विचारलं, मुलगी कुठे आहे? बाईंनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, वही उघडून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाल्या, “साहेब, आमचे वर्ग रिकामे होतायत. गेल्या वर्षीपासून एकसष्ट मुली गेल्या. या आकड्यांचं कुणीतरी काहीतरी करायला हवं.”

संचालकांनी वही नीट पाहिली. वाईट माणूस नव्हता तो. “बाई, पाणी माझ्या हातात नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझ्या हातात शाळा आहेत. शाळेला काही हवंय का ते सांगा. पंखे देऊ शकतो.”

पुढच्या महिन्यात शाळेत आठ पंखे आले.

बगदादच्या प्रदर्शनासाठी बाईंनी फोनवर फोन केले. मुलीऐवजी मी येऊन वही मांडते, असं विचारून पाहिलं. तिथल्या कारकुनाने नियम वाचून दाखवला: विद्यार्थिनीने स्वतः उभं राहून समजावलं पाहिजे. रुसुलचा फोन बंद लागत होता. चौदा एप्रिल आला आणि गेला. त्या दिवशी बाईंनी तिसऱ्या तासाला बेडकाचं हृदय शिकवलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही दोघी शेअर टॅक्सीने हिल्ल्याला गेलो. बाईंच्या पिशवीत प्रमाणपत्र, पुस्तकं आणि परीक्षेचं ओळखपत्र होतं. रुसुलचं नाव त्यांनी आमच्या पटावरून काढू दिलं नव्हतं. विचारत विचारत शहराबाहेर एका नाल्याच्या कडेला पत्र्याच्या झोपड्या सापडल्या. पाणी काळं होतं, वास मारत होतं. पण गोडं होतं. म्हशी त्यात मानेपर्यंत बसल्या होत्या.

रुसुलने आम्हाला पाहून आधी हात धुतले, मग जवळ आली. तिकडच्या शाळेत ती गेली होती. मधूनच घेता येणार नाही, ऑक्टोबरमध्ये या, असं सांगितलं होतं. बाईंनी ओळखपत्र तिच्या हातात दिलं. “परीक्षा आपल्याकडेच द्यायची. माझ्या घरी राहायचं. अबू-सबाह, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.”

हन्नूनने लगेच मान डोलावली. “तेवढे दिवस मी स्वतः बसतो म्हशींपाशी. लाथा खाईन. पाठवतो, शब्द दिला.” तो मनापासून बोलत होता, यात मला शंका नाही.

जूनमध्ये पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी बाईंनी पाहुण्याची गादी उन्हात घातली, मासे आणून ठेवले. संध्याकाळची शेवटची टॅक्सी आली, तीत रुसुल नव्हती. सकाळी बाई परीक्षेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. रखवालदाराने घंटा दिली, तरी तो दार ओढून घेईना. “आणखी पाच मिनिटं थांबतो बाई,” म्हणाला. थांबला. मग त्यालाही दार लावावं लागलं.

फोन दुपारी आला. “बाई, आम्ही ट्रकवर होतो. त्या जागेच्या मालकाने उठवलं. आता कूत शहराकडे चाललोय.” मागे इंजिनाचा आवाज होता. “अब्बा तुमच्याशी बोलायला लाजतायत.”

“त्यांना सांग, मी रागावलेले नाही,” बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्या गादीच्या कडेला बसून राहिल्या. मी शेजारी बसले. त्या रडल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, “आज पेपर सोपा होता. तिला सगळा आला असता.”

पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गात अकराच मुली उरल्या. तो वर्ग बंद करून मुलींना दुसऱ्या शाळेत जोडलं आणि फख्रियाबाईंची बदली नासिरियाला झाली. त्यांच्या टेबलावर आता व्हॉलीबॉलचं सामान असतं.

मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते. नासिरियात त्यांना दोन खोल्या मिळाल्यात. तिथे बसून त्या संध्याकाळी मोबाइलवर धडे बोलतात, दहा-दहा मिनिटांचे, आणि रुसुलला पाठवतात. ती दूध काढताना ऐकते. कधी त्याच दिवशी, कधी चार दिवसांनी, जिथे फोन लागेल तिथे. बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज भरलाय. बसेल का, ते कुणी सांगू शकत नाही. बाईही सांगत नाहीत.

गेल्या वेळी मी होते तेव्हाच तिचा निरोप आला. “बाई, मूत्रपिंडाचा धडा पुन्हा पाठवाल का? ट्रकच्या आवाजात अर्धा ऐकूच आला नाही.”

बाईंनी खिडकी लावली, घसा साफ केला आणि धडा पहिल्यापासून सांगायला लागल्या.