बिनरिंगेचा चिन्ना

चिन्नाला नेलं त्याला आता पाच महिने झाले, तरी माझा राग गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

चिन्ना म्हणजे सन कन्यूर, पिवळ्याधमक रंगाचा परदेशी पोपट. तो होता आमच्या घरमालकीण सोयराबाईंचा. बंगळुरातल्या येलहंक्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो. मी पुण्याचा, आयटीतला. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इकडचं. मराठीत कन्नड कधी मिसळतं, त्यांचं त्यांनाच कळत नाही. सगळे त्यांना सोयराक्का म्हणतात, आणि मी त्यांचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. नोकरीभर त्यांनी रेशमाची प्रत तपासली. खराब लड चांगल्यात घालू पाहणाऱ्याची त्यांच्यापुढे डाळ शिजत नसे. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी पक्ष्यांकडे वळवली.

या छंदात रिंगेला फार मान. पिल्लू आठ-दहा दिवसांचं झालं की त्याच्या पायात क्रमांक कोरलेलं धातूचं बारीक कडं सरकवतात. नंतर पाय वाढतो, मग ते ना निघतं ना घालता येतं. म्हणजे पायात नीट बसलेली रिंग असली की समजावं, हा पक्षी पिंजऱ्यातच जन्मला, चोरून आणलेला नाही. चिन्नालाही होती. तीन वर्षांपूर्वी त्याचा डावा पाय सुजला आणि रिंग मांसात रुतू लागली. अक्कांनी डॉक्टरांकडून ती कापून घेतली. पाय वाचला. कापलेली रिंग आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी कपाटात जपून ठेवली.

प्राणी-पक्ष्यांच्या जत्रांना काही कायदा असावा म्हणून अक्कांनी दहा वर्षं अर्ज लिहिले. रंगवलेली पिल्लं, एका खोक्यात कोंबलेले चाळीस पोपट, हे सगळं त्यांनी पाहिलेलं. शेवटी नियम आले, तेव्हा त्यांनी आळीत म्हैसूरपाक वाटला.

मग होसकोट्याजवळ एक जत्रा भरायची ठरली. परवानगीची अट अशी की एका जाणकाराने प्रत्येक रिंग तपासून सही करायची. संयोजक प्रणीत अक्कांना गाडीत घालून घेऊन गेला. मी सोबत होतो. तिसऱ्याच दुकानात अक्कांनी एक कन्यूर हातात घेतला आणि दोन बोटांनी त्याची रिंग सहज काढून दाखवली. मोठ्या मापाची रिंग पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या पायात मागाहून चढवलेली. त्या दुकानात असे चौदा निघाले.

"अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, थोडं जमवून घ्या," प्रणीत म्हणाला. "लोक तिकीट काढून उभे आहेत."

"रिंगा अ‍ॅडजस्ट झाल्यात की. आता माझी सहीपण ढिली करू म्हणतोस?"

सही न करता त्या रिक्षा पकडून निघाल्या. तासाभरात दुसऱ्या कुणा जाणकाराची सही मिळाली. तो म्हणे गाडीतून उतरलासुद्धा नाही. जत्रा दोन दिवस तुडुंब चालली.

त्याच महिन्यात घरातल्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी करायची होती. ऑनलाइन अर्ज मी भरत होतो. रिंग पायात आहे का, असा प्रश्न आला. मी म्हटलं, "अक्का, क्रमांक आहे ना आपल्याकडे? हो म्हणून टाकू."

"पायात आहे का विचारलंय ना? नाही लिही. का कापली तेही लिही. सरी, ठीक?"

मी लिहिलं. त्या दिवशीच्या माझ्या बोटांचा मला अजून राग येतो.

आठवड्यात वनखात्याचे एक साहेब तपासणीला आले. अक्कांनी रिंग दाखवली, चिठ्ठी दाखवली, चिन्नाचे पिल्लूपणापासूनचे फोटो दाखवले. "पायात नाही, मग हा तोच पक्षी कशावरून?" साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त झोंबतं. त्यांनी आवाज खाली आणून तोडगाही सांगितला: बाजारात उघडी रिंग मिळते, ती पायात दाबून बसवा, मी तो क्रमांक लिहितो, विषय संपला.

मी अक्कांना हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सुजणाऱ्या पायात? आणि जत्रेत ज्याला नाही म्हटलं, ते घरात करू?"

चिन्नाला चादर घातलेल्या पिंजऱ्यातून नेलं. जत्रेतले चौदा विकले गेले आणि हा जप्त झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच. साहेब निघताना अक्कांनी कन्नडमध्ये लिहून दिलं: डाव्या पायात रिंग घालू नये. साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

भेटीची परवानगी मिळायला एकोणीस दिवस लागले. शहराबाहेरच्या त्या संगोपन केंद्रात चिन्ना पिंजऱ्याच्या तळाशी एका पायावर उभा होता. दुसऱ्या, डाव्या पायात कोरी करकरीत रिंग होती आणि तिच्या वरचा पाय फुगला होता. "आता याची नोंद पूर्ण झाली," तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

"कापा ती," अक्का म्हणाल्या.

त्यासाठी अर्ज लागत होता. त्यात रिंग काढण्याचं कारण विचारलं होतं. अक्का लिहू लागल्या की लेखी सांगूनही सुजणाऱ्या पायात रिंग घातली. बाईंनी त्यांचा हात धरला. "असं लिहिलंत तर चौकशी लागेल, महिना जाईल. क्रमांक चुकीचा पडला असं लिहा, आत्ता कापून देते."

मला वाटलं, आता अक्का कडाडतील. त्या चिन्नाच्या पायाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी नवा कागद मागितला आणि लिहिलं, क्रमांक चुकीचा पडला. खाली पूर्ण नावाने सही केली.

दहा मिनिटांत रिंग निघाली. चिन्ना अजून तिथेच आहे. त्याला परत मागण्यासाठी केलेले खरेखुरे चार अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून आहेत. इतक्या वर्षांत दिल्या दिवशीच मंजूर झालेला सोयराक्कांचा अर्ज तो एकच.