माल त्यांच्यासाठी नव्हता

धुळ्यात आमचं कापडाचं दुकान होतं, आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. धोतरं, लुगडी, पैरणीचं कापड. शिंदखेड्याकडची शेतकरी घरं लग्नाचा बस्ता आमच्याकडेच बांधायची. गादीवर दिवस दिवस बसून कापड बघायची आणि दुपारी आई त्यांना वर जेवायला बोलवायची.

नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांनी मुंबईच्या एका कंपनीच्या तयार शर्टांची एजन्सी घेतली. मी तेव्हा कॉलेजात होते. कंपनीची अट अशी, की धोतर-लुगडं दुकानात दिसता कामा नये. गादी गेली, काचेचं दार आलं.

"मग गावाकडची माणसं बसणार कुठे?" आईने विचारलं.

"तीही शर्ट घेतील. काळ बदलला," वडील म्हणाले.

उद्घाटनाला कंपनीचे मोठे साहेब आले. ओवाळायचं ताट घेऊन मी दारात उभी होते. फोटो काढणं चालू असतानाच आमचे एक जुने गिऱ्हाईक, शिंदखेड्याचे आबा, बायकोला घेऊन पायऱ्या चढले. लेकीचं लग्न ठरलं होतं. साहेबांनी हात आडवा घातला आणि वडिलांना म्हणाले, "इनको बाहर रखिए. हमारा माल इनके लिए नहीं है."

आबांनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वडिलांना विचारलं, "शेठ, आमना पैसा खोटा शे का?"

वडिलांची मान खाली गेली. "आबा, जरा उद्या या."

आबांच्या बायकोने तोवर पाठ फिरवली होती. पदर तोंडाला लावून त्या पायऱ्या उतरत होत्या.

पुढे त्याच साहेबांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. आपला शर्ट खेडवळ अंगावर दिसला की शहरातलं गिऱ्हाईक तुटतं, असं त्यात बिनदिक्कत म्हटलं होतं. ते कात्रण सगळ्या बाजारपेठेत फिरलं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं शेतकऱ्यांची, धुळ्यातल्याच देवपूर भागात खोली करून राहणारी. त्यांतला एक दुकानात आला आणि त्याने घडी घातलेला शर्ट काउंटरवर ठेवला. वडील पैसे परत देऊ लागले, ते त्याने घेतले नाहीत.

"माझा बाप धोतर नेसतो," एवढंच म्हणाला.

दुकान ओस पडलं. वडिलांनी मुंबईला फोन केला, तर उलट त्यांनाच ऐकवलं गेलं की तुम्हाला माल खपवता येत नाही. मग एजन्सी काढून घेतली. कंपनीचं नाव सगळीकडेच खराब झालं होतं. शेवटी साहेबांनाही जावं लागलं, पण ते लगेच दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर बसले, असं कानावर आलं.

वडिलांनी पुन्हा धोतरं मांडली. एक दिवस मला बरोबर घेऊन ते आबांच्या गावी गेले. आबांनी खाट टाकली, चहा पाजला. वडील हात जोडून म्हणाले, "चूक झाली."

"तुम्ही घरना माणूस शेतस," आबा शांतपणे म्हणाले. "पन दुकानमा आते पाय पडाव नही."

परतीच्या एसटीत वडील खिडकीबाहेर बघत राहिले. गावाकडचं गिऱ्हाईक फिरकत नसतानाही दोन वर्षं त्यांनी नेटाने दुकान उघडं ठेवलं. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. दुकान विकून आम्ही जळगावला मामांच्या आधाराने राहिलो. वाचा परत यायच्या आधीच वडील गेले.