सात सारवलेल्या टोपल्या

अकोल्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि माझे दोन्ही गुडघे पुण्यालाच राहिल्यासारखे वाटत होते. टोपल्या आणायला कोणी या वयात रात्रभराचा प्रवास करतं का? मी केला होता. त्यामागचं कारण आधी सांगतो.

माझी बायको नलिनी खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने पलंगावरच होती. डॉक्टर म्हणत, हाड जुळलंय, आता चाललंच पाहिजे, नाहीतर कायमचं अंथरूण धरतील. ती म्हणे, उद्या. नवाकोरा वॉकर पलंगाशेजारी उभा असायचा, त्यावर मी टॉवेल वाळत घालायला लागलो होतो. नलिनीचं माहेर दर्यापूरचं. पस्तीस वर्षं पुण्यात काढली, तरी चिडली की अस्सल वऱ्हाडीत सुनावते. या दोन महिन्यांत ती एकदाही चिडली नव्हती, आणि मला भीती वाटत होती ती त्याचीच.

एक दिवस तिने फोनवर एक फोटो दाखवला. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातलं घर, पांढरी भिंत, भिंतीवर लहानमोठ्या टोपल्या, एकीत वाळलेली फुलं. "आमच्याकडे अशा ढीगभर असायच्या," ती म्हणाली, "समोरच्या भिंतीवर लावल्या तर?" दोन महिन्यांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट. ऑनलाइन मागवतो म्हटलं, तर तिने फोन उलटा करून ठेवला. मग शेजारच्या वहिनींना घरी लक्ष ठेवायला सांगून मी निघालो.

दर्यापूरला जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरने मला कापसाच्या दोन गाठोड्यांमध्ये बसवलं. दोन्ही बाजूंना काळी माती, वेचणीला आलेला कापूस, आणि माझ्या नाकात त्याचेच तंतू. बाजार प्लास्टिकच्या घमेल्यांनी भरलेला होता. बांबूची टोपली विचारली तसा दुकानदार हसला. "घरी लगन काढलं काय भाऊ? नाईतं आता टोपलं कोन घेते! बार्शीटाकळीले एक बाई विणून राहिली अजून. थांबा, फोन लावून देतो."

त्या कमलाबाई. फोनवरच मी सात टोपल्या सांगितल्या, लहानमोठ्या. "परवा या भाऊ," त्या म्हणाल्या, "एकदम तयार भेटतीन."

दोन दिवस अमरावतीच्या लॉजवर काढले. तिथली गादी माझ्या पाठीशी जुनं वैर असल्यासारखी वागली. गिला वडा (दह्यात मुरवलेला उडदाचा वडा) खाल्ला, तेवढाच काय तो जिवाला आराम. नलिनीला फोन केला की ती "जेवलात?" विचारायची, मी "हो" म्हणायचो, ती "बरं" म्हणायची आणि आमचं बोलणं संपायचं. बाजारात एका दुकानदाराने वेतासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या टोपल्या पुढे केल्या. "फ्रेंच माल आहे साहेब, पाण्यानं धुता येते." खरं सांगतो, मी घेणारच होतो. इतका कंटाळलो होतो की खोटं बोलायलाही तयार होतो. पण नलिनीने हात लावताच ओळखलं असतं, म्हणून परत ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला परतून बसने बार्शीटाकळी गाठली. कमलाबाई अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसल्या होत्या. शेजारी उन्हात माझ्या सात टोपल्या मांडलेल्या होत्या. सातही आतून-बाहेरून शेण आणि पिवळ्या मातीने सारवलेल्या. विणीची एक पट्टी दिसेल तर शपथ. मी एक उचलून उलटीपालटी केली.

"ताई, हे काय केलंत?"

"काय म्हंजे? तयार करून देल्ले. बिनसारवल्या टोपल्यात जवारी ठेवता काय? सारी गयून (गळून) जाईन ना!"

मी फोटो दाखवला. त्यांनी पदराला हात पुसून तो बराच वेळ पाहिला. "भितीवर? अन् आतमंदी काहीच नाई? काहून, त्यायच्या घरी खायाले नाई काय?"

या सात आधीच विणलेल्या होत्या, फक्त सारवायच्या बाकी होत्या; नव्या विणायला चार दिवस लागणार होते. माझी गाडी त्याच संध्याकाळी होती. भांडायचंही त्राण नव्हतं. का कोण जाणे, मी त्यांना नलिनीचं सगळं सांगितलं, ते वॉकरवरच्या टॉवेलसकट.

"दर्यापूरची हाये ना? मंग तिले सारवलेलंच पटन. न्या." त्यांनी प्रत्येक टोपलीत मूठभर ज्वारी टाकली, रिकामं टोपलं त्या कुणाच्या हातात देत नाहीत. वर ज्वारीच्या कणसांची जुडी बांधून दिली. "हे घ्या तुमचे फुलं."

परतीच्या गाडीत माझ्या सामानाचा वास डबाभर पसरला. समोरचे गृहस्थ उशी घेऊन दुसऱ्या बर्थवर गेले, आणि मी पाय पसरले.

घरी आल्यावर नलिनीने एक टोपली मांडीवर घेतली, वास घेतला आणि परत माझ्या हातात दिली. माझा धीरच सुटला. तरी स्टुलावर चढून सातही टांगल्या, एकीत कणसं खोचली. सारवण एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. त्यामुळे कशीही टांगली तरी टोपली खिळ्यावर कलायची. शेवटी कंबर धरून चहा करायला गेलो.

आतून टक्-टक् आवाज आला. वरच्या मजल्यावरचे असतील असं वाटलं. कप घेऊन आलो तर पलंग रिकामा, टॉवेल जमिनीवर. नलिनी भिंतीशी उभी होती. एक हात वॉकरवर, दुसरा मधल्या टोपलीवर.

"काहून वाकडं टांगलं हे? तुमाले एक काम धड जमत नाई!"

"नाही जमत," मी म्हणालो. अर्धा चहा बशीत सांडला होता.

आता लोक विचारतात, वऱ्हाडात काय काय पाहिलंत? मला धड काही सांगता येत नाही. आठवते ती कापसाची जीप आणि लॉजची गादी. पाठ अजून दुखते. पण दुपारी नलिनीला डुलकी लागली की मी हळूच स्टुलावर चढतो आणि तिने सकाळी वॉकर घेऊन येऊन सरळ केलेली एक टोपली पुन्हा कलती करून ठेवतो. काल त्यातली एक बाहेरच्या खोलीत नेऊन टांगली, पलंगावरून दारातून दिसेल अशी. चांगली वाकडी.