माहेरची रुई

"चूप बसा दोन मिनिट. नाक काम करून रायलं."

गादीवाले चाचा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. चपला खाली काढून ते आमच्या गाडीत चढले, डोळे मिटले आणि भिंतीला नाक लावून पुढे सरकू लागले. कपाट हुंगलं, बेसिनखालची पेटी हुंगली, पलंगाखाली तर अर्धे आत गेले. मी दारात पदर तोंडाशी धरून हसू दाबत होते.

गाडी म्हणजे साधी गाडी नव्हे. आमचे हे निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात फिरतं घर शिरलं. एका जुन्या मिनीबसमध्ये कोणीतरी पलंग, ओटा, बेसिन बसवून मोटरहोम केलं होतं, ते यांनी हौसेनं घरी आणलं. गल्लीत तिचं नाव 'घरगाडी' पडलं. पण दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास अंगावर यायचा. आम्ही कापूर जाळला, उदबत्त्या लावल्या, महागाचा सेंट फवारला. वास गेला नाही, त्याला सुगंधी शेजार मिळाला एवढंच.

"बाई, हे तं मुर्द्याले अत्तर लावनं झालं," चाचा म्हणाले. "पयले पानी कुठून येते ते पाहू. वास मंग आपोआप जाते."

चाचांचं दुकान बडनेरा रोडला होतं. गाड्यांच्या सीटाही शिवायचे आणि घरच्या गाद्याही भरायचे. यांना गाडीत बसवून ते शिडीनं टपावर चढले आणि बादलीभर पाणी ओतलं. टपावरच्या खिडकीचं रबर कुजलेलं होतं. पहिला थेंब यांच्या टकलावर पडला आणि हे आतून असे ओरडले, की चाचा वरून म्हणाले, "सापडलं!"

मग रबर बदललं, कुजलेलं प्लायवूड उपसून काढलं, भिंती व्हिनेगरच्या पाण्यानं पुसल्या, कोपऱ्यात कोळशाच्या वाट्या ठेवल्या आणि वैशाखाच्या उन्हात सगळी दारं आठ दिवस उघडी टाकली. चाचा रोज सकाळी दुकानात जाताना थांबायचे, एकदा हुंगायचे आणि निकाल सांगायचे. "आज आठ आने बाकी हाय." "आज चार आने." नवव्या दिवशी म्हणाले, "खतम. आता नवं घर समजा."

इथपर्यंतची गोष्ट मी कोणालाही आनंदानं सांगते. पुढची सांगताना जीभ जड होते.

गाडीला गाद्या हव्या होत्या. चाचा म्हणाले, फोम टाका. मी म्हटलं, फोम कशाला? माझं माहेर दर्यापूरकडचं, कापसाचं. मी भावाच्या मागे लागले आणि त्यानं घरच्या कापसातला निवडक कापूस काढून, सरकी वेगळी करून दोन पोती रुई पाठवली. दूधच जसं.

"बाई, रुई पानी पेते," चाचांनी समजावलं. "घरी ठीक हाय, उन्हात टाकता येते. चिखलदऱ्याच्या धुक्यात, बंद गाडीत, ते वाळन कवा?"

"चाचा, माह्या माहेरची रुई हाय ते. फोम-बिम काही नाही."

"माहेरचं नाव आलं म्हंजे बोलनंच खतम," ते हसले. आमच्याच ओसरीत बसून त्यांनी दोन्ही गाद्या भरल्या. मी समोर बसून होते. मूठभर रुईसुद्धा इकडची तिकडे झाली नाही.

श्रावणात आम्ही चिखलदऱ्याला चार दिवस राहून आलो. धुकं खिडकीतून आत येत होतं आणि आम्ही कौतुकानं खिडक्या उघडून बसलो होतो. आल्यावर पाऊस लागला, गाडी दहा दिवस बंद राहिली. मग भाऊ आणि वहिनी गाडी पाहायला येणार म्हणून सकाळी दार उघडलं, तर वास परत आलेला. मी घाईघाईनं चाचांना बोलावलं. त्यांनी गादीचे चार टाके उसवले आणि आत हात घातला. त्यांच्या मुठीत काळपट, ओलसर रुई होती. तेवढ्यात भाऊ दारात आला.

"ताई, हे काय सडलं?" त्यानं ती रुई हातात घेतली. "हे आपली रुई नोय."

मागे वहिनी नाकाला रुमाल लावून उभी होती. भाऊ माझ्याकडे पाहत होता, चाचाही माझ्याकडे पाहत होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की रुई आपलीच आहे, चाचा नको म्हणत होते, हट्ट माझा. मी म्हणाले, "काय माहीत बाप्पा. दिली तवा तं पांढरी होती."

चाचांनी ती रुई भावाच्या हातातून परत घेतली. मग म्हणाले, "हौ भाऊ. माह्याकडूनच काही इकडचं तिकडं झालं असन." उसवलेले चारही टाके त्यांनी पुन्हा नीट घातले, सुई टोपीत खोचली आणि गेले. माहेरच्या माणसांपुढे माझा शब्द खाली पडू नये म्हणून ते बोलले, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि कळूनही मी भावाला चहा केला.

आमच्याकडे लेकीच्या आंदणात गादी द्यायची, तर बाप घरची रुई घेऊन गादीवाल्याकडे जातो. ती रुई बदलणार नाही, या भरवशावरच गादीवाल्याचं दुकान चालतं. माझ्या माहेरच्या गावाहून लग्नसराईत चाचांकडेच रुई जायची. त्या हिवाळ्यात गावात लग्नाला गेले, तर आंदणाच्या गाद्या अकोल्याहून आलेल्या. मी सहज विचारलं.

"अमरावतीचा तो गादीवाला?" नवरीची मावशी म्हणाली. "तो रुई बदलते म्हनतेत."

माझ्या तोंडात जिलबी होती. ती मी गिळली. त्यानंतर बडनेरा रोडला जायचं झालं तर मी दुसऱ्या रस्त्यानं जायची.

हिंमत व्हायला उन्हाळा संपला. गेले, तेव्हा दुकान बंद होतं. मागच्या घरात त्यांची बायको होती. चाचांना जाऊन महिना झाला होता.

तिनं मला ओळखलं. पाणी दिलं आणि जवळ बसली. "बाई, लोकं म्हनतेत यायनं रुई बदलली. कोनाच्या तोंडून निघालं, ते यायनं मरेपर्यंत सांगतलं नाही. पन तुमच्या गाद्या तं तुमच्या ओसरीत भरल्या होत्या. तुमी पाह्यलं ना त्यायचं काम? तुमाले तं मालूम हाय ते कसे होते."

"हो, मले मालूम हाय," मी म्हणाले. कोणाच्या तोंडून निघालं, ते मीही सांगितलं नाही. उलट तिनंच माझ्या हातावर हात ठेवला, कारण मी रडत होते.

त्या दिवशी घरी येऊन भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"अवं ताई, मी तं साऱ्या गावाले सांगून बसलो," तो म्हणाला. "आता कोनाकोनाच्या दारात जाऊ?"

"तू नको. मी येते. मीच जाते सगळ्यायच्या दारात."

याला आता दोन महिने झाले. गाव इथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि मी अजून गेलेले नाही. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही माझ्या माहेरचे नाही.