मार्जिनची घंटी आणि तीन फुकट एडिटर

टायपिंगच्या क्लासमध्ये आमच्या सरांकडे एक लाकडी पट्टी असायची. रविवार कारंज्याजवळच्या माडीवर बारा यंत्रं एकदम खडखडत आणि सर पाठीमागून फिरत. जिची नजर कळांवर किंवा यंत्रातल्या कागदावर गेली, तिच्या बोटांवर पट्टी बसायची. डोळे डावीकडे ठेवलेल्या मजकुरावर हवेत, बाकीचं सगळं बोटांनी आणि कानांनी करायचं. ओळ संपत आली की यंत्राची घंटी वाजते. ती ऐकली की हातातला शब्द पुरा करून कॅरेज ओढायचं आणि नवी ओळ धरायची. शब्द जरा लांबलाच तर डाव्या कोपऱ्यातली मार्जिनची कळ करंगळीने दाबायची, म्हणजे आणखी चार अक्षरं मावतात.

हे मी इतकं घोटून शिकले की सातपूरच्या कारखान्यात लागले तेव्हा तिथल्या तीन टायपिस्टांत माझाच हात सगळ्यात जलद होता. आई मखमलाबादच्या घरी ओटीवर बसून शेजारणीशी भांडता भांडता शेवंतीच्या वेण्या बांधायची, हाताकडे एकदाही न बघता. तिच्याकडूनच आलं असावं ते. मोठे साहेब गोपनीय कागद माझ्याकडेच पाठवायचे. "या बाई वाचत नाहीत, फक्त टाइप करतात," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि मला ते भूषण वाटायचं. खरंच मी वाचत नसे. अक्षरं डोळ्यांतून शिरून बोटांतून बाहेर पडायची, मध्ये कुठे थांबायची नाहीत.

अठ्ठ्याण्णव साली पावसाळ्याच्या तोंडावर टायपिंग विभाग बंद झाला. एकीला स्टोअर्समध्ये पाठवलं, दुसरीला रजेच्या अर्जांच्या टेबलावर. माझ्यासाठी मेन गेटवरची येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही ठरली होती. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि कॉम्प्युटर रूम मागितली. दहा वर्षं बोटं चालवल्यावर गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं.

साहेबांनी एक महिना दिला. कॉम्प्युटर रूममध्ये दोघे प्रोग्रामर होते. ते कागदावर प्रोग्राम लिहीत आणि मग दोन बोटांनी टुकटुक करत तो मशीनमध्ये भरत. तो टाइप करून द्यायचं काम माझं. "आणि हे दोघे एडिटरवरून रोज भांडतात," साहेब म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. सगळ्यात जास्त टायपिंग तुम्ही करणार, तर महिनाअखेर तुम्हीच सांगा, कोणता ठेवायचा ते. सगळीकडे तोच टाकू. पण काम बिनचूक आलं नाही तर गेट आहेच."

एडिटर म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, वर्तमानपत्रात असतो तसा कुणी माणूस असेल. चांदवडकडच्या प्रोग्रामरने हसू दाबत सांगितलं की ज्या प्रोग्राममध्ये आपण मजकूर लिहितो, खोडतो, साठवतो, तो एडिटर. मशीन चालवायला त्यांनी नुकतीच लिनक्स नावाची प्रणाली घातली होती आणि तिच्याबरोबर असे तीन एडिटर आले होते. तिन्ही फुकट. दुकानात तीन वस्तू मांडल्या असल्या की किंमत बघून तरी अंदाज येतो. इथे कशाला भाव द्यायचा हेच कळेना.

"ताई, व्हीआय घ्या. लय सोपं हाय," चांदवडचा म्हणाला. "आय दाबलं की लिहायचं. लिहून झालं की ही कोपऱ्यातली एस्केप. मग कुठलंही अक्षर दाबा, ते अक्षर उमटत नाय, त्याचा हुकूम होतो."

"म्हणजे ए दाबलं तर ए येणार नाही?"

"कधी येईल, कधी नाय. आपण कुठल्या अवस्थेत आहोत त्यावर हाय."

दहा वर्षं ए दाबल्यावर ए उमटत होता. आता ए ची मर्जी सांभाळायची होती.

दुसरा प्रोग्रामर चष्मेवाला, शहरातला, शांत स्वभावाचा. "मॅडम, त्याचं ऐकू नका," तो म्हणाला. "ईमॅक्स घ्या. त्यात ए म्हणजे ए. हुकूम द्यायचा तर कंट्रोलची कळ धरून ठेवायची, बस." पण त्याचे हुकूम देताना हाताची जागाच सुटायची. साठवायला कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-एस. आणि आमच्या जुन्या टर्मिनलवर, म्हणजे मशीनला जोडलेल्या पडदा-कळफलकावर, कंट्रोल-एस दाबलं की पडदा गोठायचा. तो म्हणायचा, कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. सुटायचा, पण साठवलं गेलं की नाही ते समजायचं नाही. संध्याकाळपर्यंत करंगळी ठणकायला लागली. वहीत मी दोघांच्या सूचना उतरवून घेतल्या आणि घरी येऊन वाचल्या, तर कोणती कुणाची तेच आठवेना.

व्हीआयचे हुकूम निदान थोडके होते म्हणून पहिलं मोठं काम त्यात घेतलं. कामगारांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम होता, सात कागदांचा. आय दाबलं, मान डावीकडे वळवली आणि सुटले. मध्ये मध्ये टर्मिनल टुंग करत होतं. मला बरं वाटलं. घंटी ओळखीची होती. टुंग झालं की मी एंटर मारत होते, आणि लांब ओळ आली की करंगळी आपोआप डाव्या कोपऱ्यात जाऊन मार्जिनची कळ दाबत होती.

सात कागद संपले तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे फाईल साठवली आणि मान वर केली. पडद्यावर जे होतं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. ओळींची सुरुवातीची अक्षरं गायब, दोन ओळी एकमेकींत घुसलेल्या, मधलाच एक तुकडा फाईलच्या शेवटी जाऊन बसलेला. चांदवडचा पाठीमागे येऊन उभा राहिला.

"ताई, मशीन एवढं बोंबलत होतं, तुम्हाला ऐकू नाय आलं?"

"आलं ना. म्हणून तर एंटर मारत होते."

डाव्या कोपऱ्यात जिथे माझ्या यंत्राची मार्जिनची कळ होती, तिथे या मशीनची एस्केप होती. प्रत्येक लांब ओळीला मीच लिहिणं थांबवून हुकूम सोडत होते, आणि न कळलेल्या हुकुमाला मशीन टुंग करत होतं. ते ऐकून चांदवडचा खुर्चीत बसून पोट धरून हसला. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणाचा ते कळेना.

मग मी तिसऱ्याकडे गेले. तो अगदी साधा होता. खाली दोन ओळींत सगळे हुकूम लिहिलेले, ए म्हणजे ए, घंटी नाही, काही नाही. दोघेही म्हणाले की तो पत्रं लिहिण्यापुरता आहे, पण मी मनाशी ठरवून टाकलं की हाच. दोन दिवसांत सगळं पुन्हा टाइप केलं. प्रोग्राम चालवला तर चुकाच चुका. लांब ओळ आली की त्याने ती मला न विचारता मोडून खाली टाकली होती, अवतरणचिन्हांतली वाक्यंसुद्धा मधूनच. चांगला टायपिस्ट मार्जिनला हेच करतो, मी मनात म्हटलं. पण प्रोग्रामला चांगला टायपिस्ट नको होता. चष्मेवाल्याने ते बंद करायची युक्ती सांगितली, चांदवडच्याने वेगळी, आणि माझ्या वहीत आता तिन्ही एडिटरांच्या सूचनांचा काला झाला होता.

महिन्याचे चार दिवस उरले असताना टायपिंग विभागाची कपाटं रिकामी करायला मला बोलावलं. कार्बनप्रतींच्या फायली चाळून ठेवायचं ते ठेवायचं, बाकी फेकायचं. एका फायलीत मार्च महिन्यातलं साहेबांचं पत्र निघालं, मुख्य कार्यालयाला लिहिलेलं. टंकलेखन विभागाची गरज उरलेली नाही, तिन्ही टायपिस्टांना इतरत्र सामावून घ्यावं, असं त्यात होतं. तिसरीसाठी गेटवरची नोंदवही सुचवली होती. खाली डाव्या कोपऱ्यात, पत्र कुणी टाइप केलं ते दाखवायला घालतात तशी साहेबांच्या नावाची मोठी आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग दोन लहान आद्याक्षरं. ती माझी होती.

एकही चूक नव्हती पत्रात. मी कपाटासमोर खाली बसले. मार्चपासून जूनपर्यंत आम्ही तिघी एका डब्यात जेवत होतो, आणि मला काही माहीत नव्हतं असं मला म्हणताच येत नव्हतं. मला माझी शरम वाटली.

उरलेले चार दिवस मी पुन्हा व्हीआय उघडला, कागद समोर, टर्मिनलच्या शेजारी चिकटवला आणि पडद्याकडे बघत टाइप केलं. स्पीड इतका घसरला की क्लासमधल्या सरांनी पट्टी मोडली असती. प्रत्येक एस्केपला थांबून विचारायचं, आता मी लिहितेय की हुकूम देतेय? बऱ्याचदा उत्तर चुकायचंच. तिसऱ्या दिवशी पाचव्या कागदावर माझे हात थांबले.

"अहो," मी चांदवडच्याला हाक मारली, "ही तिसरी पाळी. पहिल्या दोघींना सुट्टी आहे, हिला तुम्ही कधीच सोडत नाही. माणसं सातही दिवस रात्री येत राहणार का?"

त्याने कागद घेतला, दोनदा वाचला आणि चष्मेवाल्याला दाखवला. चष्मेवाल्याने पेन्सिल काढून तिथे सुट्टीची ओळ घातली.

साहेबांनी महिनाअखेरीला बोलावलं. मी व्हीआय म्हटलं.

"त्यातच तर तुमचं सगळं बिघडलं होतं ना?"

"हो. त्यात बघितल्याशिवाय टाइप करता येत नाही, साहेब." मग मी थांबणार होते, पण थांबले नाही. "तुमचं मार्चचं पत्र मी न बघता टाइप केलं होतं."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "कॉम्प्युटर रूममध्येच बसा," एवढंच म्हणाले.

मी बरोबर निवडला का, ते मला अजून कळलेलं नाही. चष्मेवाला महिनाभर माझ्याशी तुटक वागला, आणि एस्केपचा घोळ पुढे कितीतरी दिवस चालू राहिला. पाळ्यांचा प्रोग्राम पुरा झाला तेव्हा चांदवडच्याने सुरुवातीच्या ओळीत, जिथे लिहिणाऱ्याचं नाव घालतात, तिथे स्वतःच्या आद्याक्षरांपुढे जागा सोडली होती. "ताई, तुमची टाका," तो म्हणाला.

मी ती लगेच टाकली नाहीत. आधी सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला.