तिसऱ्यांदा बसवलेला टप

आत्याला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. भाचा आत्या म्हणतो म्हणून शेजारचा टायरवाला आत्या म्हणतो, त्याचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणतात, आणि परवा तर मीटर बघायला आलेला माणूसही "आत्या, सही करा" म्हणाला. वय एकसष्ट, अंगात निळा ॲप्रन, बोटांना कायम मेणाचा वास, आणि जीभ अशी की समोरच्याने जरा जपूनच उभं राहावं. चाळीस वर्षं बाई एकच काम करत आली आहे, जुन्या उघड्या मोटारींना कापडी टप शिवायचं. टप मागे टाकून मिरवायला कुणालाही आवडतं. पण पाऊस आला की आतला माणूस कोरडा राहिला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

दंतवैद्याच्या हिरव्या गाडीने मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते. टप बसवून महिना होत नाही तोच डॉक्टर दारात हजर. "घाई नाही हं, आत्या. फक्त सीट जरा ओली होतेय." माणूस चिडला असता तर बरं झालं असतं, आत्यालाही चार शब्द सुनावता आले असते. त्या गोड बोलण्याने तिला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दोष निघाला दोऱ्याचा. भाच्याने मजबूत म्हणून नायलॉनचा आणला होता. सुती दोरा पाणी पिऊन फुगतो आणि सुईचं भोक आपणच बुजवतो. नायलॉन कसला फुगतोय? आत्याने भाच्याची अशी हजेरी घेतली की टायरवाल्याने रेडिओ बंद करून ऐकली. मग सगळी शिवण उसवून तिने मेण लावलेल्या सुती दोऱ्याने पुन्हा घातली.

दुसऱ्यांदा गाडी आली ती पायाशी तळं घेऊनच. टपावरून ओघळणारं पाणी खाली निघून जावं म्हणून दारामागे दोन भोकं असतात. पाणी इथूनच शिरत असणार असं ठरवून डॉक्टरांनी ती दाढेत भरायच्या सिमेंटने बुजवून टाकली होती, आणि तीही अगदी सुबक.

"डॉक्टर, मी कधी तुमच्याकडे येऊन कुणाची दाढ उपटली का?" आत्याने विचारलं. डॉक्टर रुमाल काढून सीट पुसायला लागले.

साचलेल्या पाण्याने टपाची मागची कड कुजली होती. आता नवाच शिवायला हवा होता. भाचा वर्षभर जे गाणं गात होता ते त्याने पुन्हा सुरू केलं. "तयार टप मागवू या, आत्या. मापात येतो, बसवला की झालं. तू बस ना आता आरामात."

"आधीचे दोन्ही दोष दुसऱ्यांचे होते," आत्या म्हणाली. "हा गळला तर दोष माझा. मग कात्री तुझी. तयार टप मागव नाहीतर छत्र्या विक." हे ती टायरवाल्यादेखत बोलली, म्हणजे मागे फिरायची सोय राहिली नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. कापड कापायचं बंद झालं की सकाळी उठून करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

नवा टप बसल्यावर ती नेहमीसारखी गाडीत जाऊन बसली. ही तिच्या वडिलांची, आबांची, शिस्त. ज्याने टप शिवला त्यानेच आत बसायचं, मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, आणि बाहेरून अर्धा तास नळीने पाणी सोडायचं. थेंब दिसायच्या आधी कागदावर ऐकू येतो. भाच्याने नळी धरली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आत्याचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच कागदावर टप्प वाजलं.

तिने वर पाहिलं. शिवण ठणठणीत होती. टपाची पुढची कड झाकणाऱ्या पट्टीपासून बोटभर अंतरावर मात्र एक बारीक भोक होतं, आणि ते कुणाचं हे तिला तेव्हाच कळलं. कापड ताणताना तात्पुरते खिळे मारतात आणि नंतर काढून घेतात. त्यांचं भोक पट्टीखाली झाकलं जाईल तिथेच ते मारायचे. हा एक बाहेर पडला होता. गेलं वर्षभर ती खिळे अंदाजानेच मारत होती, कारण एकाच्या जागी दोन दिसायचे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ॲप्रनच्या खिशात रबराच्या सोल्युशनची ट्यूब होती. एक ठिपका लावला, अंगठा दाबून धरला, की वर्षभर निभावलं असतं. भाचा पाठ फिरवून टायरवाल्याशी बोलत होता. आत्याने ट्यूबचं झाकण काढलं. मग भर रस्त्यात, पावसात, सीट पुसत बसलेले डॉक्टर तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने झाकण परत लावलं आणि दार उघडून वाहत्या पाण्यातच बाहेर आली.

"गळतोय."

भाच्याने नळ बंद केला. "दोरा?"

"दोरा चांगला आहे. खिळा मीच भलतीकडे मारला. नीट दिसत नाही मला, वर्ष झालं." टायरवाला काहीतरी आठवल्यासारखं करून आपल्या दुकानात गेला. आत्याने टेबलावरची मोठी कात्री उचलून भाच्यापुढे धरली. "धर. बोलले होते ना."

जिंकला तो होता, पण त्याचाच चेहरा उतरला. त्याने कात्री घेतली, तिचं वजन बघितलं. "तयार टप यायला दोन महिने लागतात," तो म्हणाला. "डॉक्टरांना तेवढा वेळ कसं थांबवणार? त्यांच्यापुरता मी कापतो. तू सांग."

"तुला येत नाही."

"म्हणून तर तू सांग म्हणतोय."

आत्याने कापड पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या, खडूची रेघ कुठे हवी ते बोटाने दाखवलं आणि दोन पावलं मागे सरली. पहिलाच काप वाकडा जाऊ लागला. "थांब. हात नको हलवू, कापड पुढे सरकव." तो घामाघूम होऊन कापत राहिला. त्याच्या मागे आत्या आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून उभी होती, तो पुढे जाऊ नये म्हणून.